गच्चीची वही: एका कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या छताच्या नोंदी, एप्रिल २०२५ ते जानेवारी २०२६

७ एप्रिल २०२५

आजपासून गच्चीची वेगळी वही. लिफ्टची वही आहे, जनरेटरची आहे, फायर पंपाची आहे, गच्चीचीच नव्हती, आणि कमिटीच्या प्रत्येक मीटिंगला तोच विषय की गच्ची वर्षातून किती वेळा बघायची आणि त्याचे पैसे कशाला मोजायचे. अध्यक्ष म्हणतात गळली की बघू. सेक्रेटरी मॅडम म्हणतात वर्षातून दोनदा बघायलाच पाहिजे. खजिनदार काही बोलत नाहीत, फक्त मागच्या वर्षीचं फॉल्स सीलिंगचं बिल टेबलावर काढून ठेवतात. शेवटी ठरलं की मी वर्षभर लिहून ठेवायचं आणि मग आकडा ठरवायचा. ठीक.

नवीन येणाऱ्याला कळावं म्हणून आधी छत काय आहे ते लिहितो. बिल्डिंग पुण्यात सातारा रोडला, तळमजला अधिक चार, पंचवीसेक वर्षं जुनी. खाली दुकानं, पहिल्यावर बँक, वर ऑफिसं, चौथ्यावर एक पॅथॉलॉजी लॅब आणि एक क्लास. छत तीन तऱ्हेचं. पुढची मोठी गच्ची साधारण ४०० चौरस मीटर, तिच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वरून चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलचे तुकडे, बिल्डरने केलेलं. लॅबच्या वरची मागची गच्ची लहान, तिच्यावर २०१९ ला एपीपी मेंब्रेन टाकलंय, गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवतात ती काळी डांबरी चादर. आणि पार मागे गोडाऊनची पत्र्याची शेड. तिन्हीची दुखणी वेगळी, त्यामुळे एकच फॉर्म भरून तिन्हीवर टिक मारणं हा प्रकार मी करणार नाही, तसले फॉर्म मागच्या एजन्सीचे फाईलला आहेत, सगळीकडे "ओके" लिहिलंय, शेडच्या पुढे पण आणि शेडला मेंब्रेनच नाही तरी मेंब्रेनच्या रकान्यात पण.

९ एप्रिल

पहिली पूर्ण पाहणी. गच्ची आधी खालून बघायची, वर नंतर. चौथ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या टाइल एकेक सरकवून टॉर्च मारला. फॉल्स सीलिंग हा गळतीचा सगळ्यात मोठा साथीदार, वर वर्षभर पाझर चालू असतो आणि खाली एसीत बसलेल्या माणसाला पत्ताच नसतो, टाइल फुगून पडते तेव्हाच कळतं. लॅबच्या कॉरिडॉरवर दोन पिवळे डाग, क्लासच्या मागच्या बाजूला बीमजवळ पांढरा खार आलाय. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाकली, म्हणजे पावसाळ्यात डाग रेघेबाहेर गेला की समजायचं तो जिवंत आहे. रेघेतच राहिला तर जुनं दुखणं, रंग मारून मोकळं व्हायचं.

मग वर. ऊन मरणाचं, पण एप्रिलमध्ये एक बरं असतं, भेगा उघडलेल्या असतात. सिमेंट दिवसा तापून पसरतं आणि रात्री आकसतं, कोबा आणि पॅरापेट, म्हणजे कडेचा कठडा, दोन्ही वेगवेगळे हलतात, त्यामुळे भेग पहिली पडते ती या दोघांच्या कोपऱ्यात जी गोलाई केलेली असते तिथे. आमच्याकडे उत्तरेकडची गोलाई बहुतेक सगळी सुटलीये, पट्टीचं टोक आत जातं. मोझॅकवर काठीने ठोकत गेलो, मधे मधे बद्द आवाज येतो, म्हणजे खाली पोकळ. खडूने गोल केले.

पाणी जायची तोंडं चार, चारही ४ इंची पाइपची. एकात कबुतराचं घरटं, एकात माती इतकी की त्यात गवत. पॅरापेटच्या भेगेत पिंपळ, वरून कोवळी चार पानं दिसतात पण पॅरापेटच्या बाहेरच्या बाजूने मुळं दोन फूट खाली उतरलीत.

हिशोब लिहून ठेवतो, मीटिंगला कामाला येईल. ४०० चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४०० लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर पडला, आणि पुण्यात वळवाला तसा पडतो, तर २०,००० लिटर, चार तोंडांनी तासात जायला पाहिजे. दोन बंद असतील तर उरलेल्या दोनवर दुप्पट, नाहीतर पाणी वर साचतं. सगळ्या गच्चीवर ५ सेंटिमीटर साचलं तर २० टन. तोंडांवरच्या जाळ्या साफ करायला एक माणूस आणि अर्धा तास लागतो.

१२ एप्रिल

आज फक्त लोकांनी करून ठेवलेली कामं मोजायला गेलो. म्हणजे मूळ छतात नसलेलं आणि नंतर कुणीतरी येऊन ठोकलेलं. एसीचे स्टँड, त्यातले निम्मे एसी कधीच गेलेत पण स्टँड आणि बोल्ट तिथेच. डिश अँटेना. इंटरनेटवाल्यांच्या केबली, मोझॅकमध्ये क्लिपा मारून. आणि सगळ्यात वाईट, जुन्या होर्डिंगचे खुंट. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून माणसं गेली त्यानंतर आमच्याकडच्या मालकानेही घाबरून सांगाडा उतरवला, ते चांगलंच केलं, पण उतरवणाऱ्यांनी बोल्ट गॅस कटरने वरच्यावर कापले आणि बुंधे कोब्यात सोडून दिले. आता ते गंजतायत. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेतं, भोवतालचा कोबा उचलून धरतं आणि त्या फटीतून पाणी थेट स्लॅबवर. क्लासच्या बीमजवळचा खार बरोब्बर एका खुंटाच्या खालच्या रांगेत येतोय.

एक अंदाज आत्ताच लिहून ठेवतो, वर्षाअखेर तपासू: आमची गच्ची पावसाने कमी आणि वर चढलेल्या माणसांनी जास्त बिघडलेली आहे.

१९ एप्रिल

पाणी भरून टेस्ट. पूर्ण गच्चीवर एकदम नाही भरलं, विटांचे छोटे बांध घालून तुकड्या-तुकड्याने. एक तर एप्रिलमध्ये एवढं पाणी आणायचं कुठून, बोअरचं वापरलं तरी लोक नावं ठेवतात, आणि दुसरं म्हणजे जुन्या स्लॅबवर उगाच वजन नको. दोन इंच पाणी, दोन दिवस, पातळीची खूण पॅरापेटवर. उन्हाने थोडं उडतं म्हणून शेजारी एक बादली भरून ठेवली, बादली जेवढी उतरली तेवढं वजा.

२१ एप्रिल

होर्डिंगच्या बाजूच्या तुकड्यात पाणी बादलीपेक्षा बरंच जास्त उतरलं आणि खाली क्लासमध्ये बीमजवळ ओल आली. मधल्या तुकड्यात काही नाही, म्हणजे बद्द वाजणारा मोझॅक दिसायला भयंकर पण सध्या गळत नाहीये. तिथे पैसे घालायची घाई नाही. ही टेस्ट केली नसती तर मी पहिले पैसे तिथेच घातले असते कारण आवाजच तसा येतो.

३० एप्रिल

कोटेशनं आली. एका ठेकेदाराने सुचवलंय की जुना कोबा तसाच ठेवून वर चार इंचाचा नवीन कोबा, दहा वर्षं बघायला नको. ऐकायला छान. पण चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला ढोबळमानाने २०० किलो, आणि ज्या गच्चीवर माणसं जातात तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये वापराचं वजन धरलेलं असतं १५० किलो चौरस मीटरला. म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरने माणसांसाठी आणि सामानासाठी जेवढं गृहीत धरलं त्याच्याहून जास्त आपण कायमचं टाकून बसणार, गच्चीभर ८० टन. पुण्या-मुंबईत कित्येक जुन्या बिल्डिंगांवर असे थरावर थर आहेत आणि कुणी विचारतही नाही. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "साहेब, लोकांना वर काहीतरी जाड दिसलं की बरं वाटतं."

नाही म्हणून कळवलं. कोबा करायचाच तर जुना फोडून. सध्या फक्त दुरुस्ती.

६ मे

काम चालू. खुंटांभोवती कोबा कापून बोल्ट मुळापासून काढले, खड्डे साफ करून पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरले. गोलाई सगळी खरवडून नवीन, वरून जाळीच्या कापडासकट अ‍ॅक्रिलिक कोटिंग. पिंपळ नुसता कापत नाहीत, कापला की दुप्पट जोमाने येतो, बुंध्याला भोक पाडून तणनाशक भरलं, वाळला की मुळांसकट काढून भेग भरायची.

कामाला आठ-दहा दिवस तरी लागणार. शेड मेच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ असं ठरलंय.

२० मे

गेले काही दिवस रोज संध्याकाळी पाऊस, आणि हा नेहमीचा वळीव नाही वाटत. कोटिंगचा दुसरा हात बाकी आहे, ओल्यावर मारता येत नाही, सकाळी ऊन पडलं की वाळेपर्यंत दुपार होते आणि मग पुन्हा ढग. मिस्त्री खाली पार्किंगमध्ये बसून आहेत, हजेरी मात्र चालू.

२६ मे

हवामान खात्याने आज मुंबई आणि पुण्यात मान्सून आल्याचं जाहीर केलं. पुण्याची नेहमीची तारीख १० जूनच्या आसपासची. मुंबईची ११ जून, तिथे तर यापूर्वी २९ मेच्या आधी आल्याची नोंदच नव्हती म्हणे. मुंबईत नवीन भुयारी मेट्रोच्या वरळीच्या स्टेशनात पाणी शिरलं, त्यापुढे आमची शेड काय.

शेड राहिलीच. आता पत्रा निसरडा, त्यावर माणूस चढवणार नाही, गोडाऊनवाल्याला माल भिंतीपासून लांब आणि पॅलेटवर ठेवायला सांगितलं. सगळी बाजारपेठ "मेअखेर" या तारखेवर चालते, ठेकेदारही, कमिट्याही. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधीचं काम एप्रिलअखेर संपलं पाहिजे आणि त्यासाठी पाहणी मार्चमध्ये. हे जाड अक्षरात.

२८ मे

मोठ्या पावसात छत्री घेऊन वर गेलो. वॉचमन काका म्हणाले साहेब आत्ता कशाला. पण आत्ताच, कोरड्या गच्चीवर उतार कळत नाही. पाणी तीन तोंडांकडे झकास जातंय, चौथ्याकडे पोचायच्या आधी टाकीच्या पायथ्याशी घुटमळतंय. पाऊस थांबल्यावर डबक्याच्या कडेने ऑइल पेंटची रेघ मारून ठेवली.

३० मे

दोन दिवस उघडीप होती, रेघेच्या आत अजून पाणी आहे. माझा नियम साधा: पाऊस थांबून ४८ तास झाले तरी उभं असेल ते डबकं दुरुस्तीच्या यादीत, त्याच्या आत गेलं तर सोडून द्यायचं. सपाट छत पूर्ण कोरडं कधीच होत नसतं.

१६ जून

जाळ्यांचं वेळापत्रक पक्कं. जून ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी हाउसकीपिंगचा मुलगा चारही तोंडं, मागच्या गच्चीची दोन आणि शेडची पन्हळ साफ करणार आणि प्रत्येकाचा फोटो ग्रुपवर टाकणार. मोठा पाऊस झाला तर सोमवारची वाट बघायची नाही. फोटोत हात दिसला पाहिजे असं सांगितलंय, कारण पहिल्या आठवड्यात एकाच जाळीचे चार फोटो आले होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. हुशार आहे पोरगं.

घरटं पुन्हा झालंय. सपाट जाळी काढून उंच घुमटाची जाळी बसवली, सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी बसली की खेळ खलास, घुमटावर बसली तरी बाजूने पाणी जातं.

७ जुलै

शेवाळ. लॅबच्या एसींचं पाणी मेंब्रेनवर चोवीस तास ठिबकतं आणि त्या वाटेवर हिरवा पट्टा. लॅबमध्ये एसी हिवाळ्यातही चालू, त्यामुळे त्या भागाला पावसाळा बारा महिन्यांचा आहे. पाइप जोडून थेट तोंडात सोडायला सांगितलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "दादा, ते एसीवाल्यांचं काम." एसीवाला म्हणाला ते प्लंबरचं काम. प्लंबर मामांनी शेवटी काही न बोलता पाऊण इंची पाइप टाकून दिला, सिव्हिल-प्लंबिंगच्या हद्दीवरचं भांडण दहा मिनिटांत मिटलं.

२० ऑगस्ट

दोन दिवस झोड. घाटमाथ्यावर तर धुमाकूळ, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय, नदीकाठचे रस्ते बंद. रात्री लॅबमधून फोन, कॉरिडॉरमध्ये टाइल पडली आणि सॅम्पलच्या फ्रिजपासून चार फुटांवर धार. वर जायला रात्री अर्थ नव्हता, खाली बादल्या, ताडपत्री, त्या भागाचं लाइटचं सर्किट बंद. हे शेवटचं सगळ्यात आधी करायचं, टाइलच्या वर वायरिंग असतं.

नवल म्हणजे एप्रिलमध्ये रेघ मारलेले दोन्ही डाग रेघेच्या आत. हे पाणी नवीन जागेतून.

२१ ऑगस्ट

सकाळी वर. गळती जिथे पडते तिथेच वर भोक असतं असं कधीच समजू नये, पाणी मेंब्रेनखाली किंवा स्लॅबच्या वरच्या अंगाने उताराकडे सरकतं आणि स्लॅबमध्ये जिथे वाट मिळेल तिथे खाली येतं, म्हणून ठिबकणाऱ्या जागेपासून चढाच्या बाजूला शोधत जायचं. चढाकडे साताठ फुटांवर एसीचं एक आउटडोअर युनिट, जे जूनमध्ये तिथे नव्हतंच. स्टँडचे चार बोल्ट मेंब्रेनमधून सरळ आत. भोकांभोवती कसलं तरी पांढरं सिलिकॉन चोपडलेलं, ते डांबरी मेंब्रेनला धरत नाही, नखाने निघालं.

गेटच्या रजिस्टरला बघितलं तर जुलैत एसी सर्व्हिसवाल्यांची एंट्री आहे, गच्चीच्या चावीची कुठेच नाही, कारण चावी वॉचमन केबिनच्या खिळ्यावर लटकलेली असते आणि जो मागेल त्याला मिळते. एसीच्या एजन्सीला फोन केला तर म्हणे आम्ही व्यवस्थित सील केलंय.

मेंब्रेनचा वॉरंटीचा कागद काढला. दहा वर्षांची आहे, पण दुसऱ्या कुणी भोक पाडलं तर त्या भागाची संपली, आणि दर वर्षी पाहणी करून नोंद ठेवली नाही तर वॉरंटीचीच संपली. २०१९ पासून एकही नोंद फाईलला नाही. म्हणजे दहा वर्षांची वॉरंटी आमच्याकडे पहिल्या वर्षापुरतीच होती.

युनिट काढून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर रबर पॅड घालून ठेवलं, बोल्टच नको. भोकांवर तात्पुरता बिट्युमेनचा पॅच, पक्का पॅच स्लॅब वाळल्यावर.

२५ ऑगस्ट

कमिटीची तातडीची मीटिंग. तासभर चर्चा पाहणी दोनदा की चारदा यावर. मी म्हटलं, या गळतीचं सांगतो. एप्रिलमध्ये आपण पाहणी केली, ऑक्टोबरमध्ये दुसरी आहे, वर्षातून दोनदाचा नियम तंतोतंत पाळला असता तरी जुलैतलं भोक दोन्हींच्या मधेच पडलं. दर महिन्याला माणूस पाठवला असता तरी कदाचित महिनाभर ते भोक तसंच राहिलं असतं. त्यामुळे तारखांच्या बरोबरीने प्रसंग मोजा: गच्चीवर कुणीही स्क्रू, बोल्ट, पाइप, केबल यांचं काम केलं की त्याच दिवशी, तो माणूस जायच्या आत, आपला माणूस वर जाऊन बघणार. सही झाली तर त्याचं बिल पास.

अध्यक्षांना हे एकदम पटलं. बिल अडवायचं म्हटलं की त्यांना कुठलीही गोष्ट पटते.

चावी आता माझ्याकडे आणि एक सीलबंद, फायरसाठी. गच्चीकडे जायचा जिना आगीच्या वेळी मोकळा लागतो, त्यामुळे कुलूप असं लावलंय की आतून दाराची काच फोडून उघडता येईल, त्याचं फायर ऑडिटवाल्याकडून लेखी घेतलंय.

४ सप्टेंबर

गणपतीच्या लाइटिंगवाल्याने पॅरापेटला खिळे ठोकायला काढले होते. रजिस्टरमुळे कळलं. दोरीने बांधून दिलं.

१३ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची पाहणी. माझ्या मते दोन्हींपैकी हीच जास्त महत्त्वाची आणि लोक नेमकी हीच टाळतात, कारण पाऊस गेलेला असतो आणि दिवाळी आलेली असते. मार्चमध्ये गच्ची अंदाजाने वाचावी लागते, ऑक्टोबरमध्ये ती सगळं सांगून बसलेली असते. पाणी कुठे उभं राहिलं त्याचे मातीचे वाळलेले गोल, कुठून गेलं त्याच्या रेघा, खाली कुठला डाग पेन्सिलीबाहेर गेला. आणि काम करायला पुढे सात कोरडे महिने. नोव्हेंबरात मिस्त्री मिळतात, भाव बोलता येतो, मेमध्ये हेच लोक फोन उचलत नाहीत.

निकाल असा: नवीन गोलाई टिकली, खुंटांच्या जागा कोरड्या, क्लासचा बीम रेघेच्या आत, खार ब्रशने निघतो. टाकीजवळचं डबकं आहे तसं. मेंब्रेनच्या एका जोडाचं टोक उचललंय, एका पट्ट्यावर दुसरा १०० मिलिमीटर चढलेला असायला हवा तिथे निम्माच दिसतो, २०१९ चीच करणी. त्याच्या खाली बोट घातलं तर ओलं. वाळल्याशिवाय गरम करून चिकटवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगा येणार, म्हणून जोड उघडून ठेवलाय, दिवाळीनंतर.

२४ ऑक्टोबर

दिवाळीची सफाई. रॉकेटच्या काड्या, जळके डबे, मेंब्रेनवर दोन ठिकाणी भाजलेले ठिपके, आरपार नाहीत. तोंडांमधून पाटीभर कागद निघाला. ही फेरी कुठल्याच छापील वेळापत्रकात नसते, आपल्याकडे हवीच.

१८ नोव्हेंबर

शेड, एकदाची. पत्रा चांगला आहे, जीव गेलाय स्क्रूंच्या वॉशरमध्ये. ते रबर उन्हाने कडक होऊन तडकतं, स्क्रू घट्ट दिसतो आणि बाजूने पाणी झिरपतं. नुसता स्क्रू आवळला तर पत्रा चेपतो आणि खळग्यात पाणी थांबतं, वॉशरच बदलायचं, आणि भोक मोठं झालं असेल तर एक माप जाड स्क्रू. पन्हळीत गंज, खरवडून झिंक प्रायमर आणि वरून रंग. मुंबईत समुद्राजवळ असती तर ही पन्हळ आत्तापर्यंत राहिलीच नसती.

उजेडासाठी जे पारदर्शक फायबरचे पत्रे आहेत त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. धूळ बसली की ते आजूबाजूच्या पत्र्यासारखेच दिसतात आणि माणूस आरपार खाली जातो, शेडवरच्या अपघातात हेच होतं. आज चारही कडांनी लाल पट्टे मारून घेतले. कामगार हार्नेस घालायला कुरकुरत होते, फळ्या टाकून त्यावरूनच चालायचं हेही त्यांना जड गेलं. काम दुपारपर्यंत थांबवून ठेवलं, मग घातले.

९ डिसेंबर

कमिटीला वेळापत्रक दिलं. मोठी पाहणी दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा खालून वर आणि तिन्ही छतं वेगवेगळी. अमेरिकेतली छत ठेकेदारांची संघटना एनआरसीए पण दोनदाच सांगते, वसंतात आणि शरदात, म्हणजे हिवाळ्याच्या अलीकडे पलीकडे. आपला हिवाळा निरुपद्रवी, आपल्या दोन पाहण्या पावसाळ्याच्या अलीकडे पलीकडे. त्यांची तारीख उचलून आपल्याकडे लावण्यात काही अर्थ नाही. पावसात दर सोमवारी जाळ्या. सीझनच्या पहिल्या मोठ्या पावसात एक चक्कर, मग प्रत्येक वादळी पावसानंतर. दिवाळी आणि संक्रांतीनंतर झाडू. आणि कुणीही वर काम केलं की त्याच दिवशी.

सेक्रेटरी मॅडमच्या मिस्टरांचं महाबळेश्वरला हॉटेल आहे, त्यांनी विचारलं तिथे हेच चालेल का. नाही चालणार. पुण्यात वर्षाला साताठशे मिलिमीटर पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. तिथे पावसाळ्यात मधेच एक पूर्ण पाहणी लागेल, आणि खरं तर तिथे सपाट गच्ची बांधणाऱ्याला आधी विचारायला हवं की का. मुंबईत तर लोक सरळ गच्चीवर पत्र्याची शेड टाकून देतात.

खजिनदारांनी विचारलं हे सगळं कुठपर्यंत. बिल्डिंग तीस वर्षांची झाली की महापालिका कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, आमच्याकडे अजून काही वर्षं आहेत. तेव्हा इंजिनिअर पहिलं विचारेल गळतीचा इतिहास काय. बहुतेक ठिकाणी उत्तर असतं "थोडीफार होती". आपण वही देऊ.

बजेट पास झालं. एका आकड्यावर घासाघीस झाली ती जाळी साफ करणाऱ्या मुलाच्या भत्त्यावर, बाकी लाखांचं कोटिंग पाच मिनिटांत मंजूर.

२२ डिसेंबर

मेंब्रेनचा जोड पूर्ण वाळला, चिकटवला, एसीच्या चार भोकांवर मोठा पक्का पॅच. टाकीजवळचा उतार दुरुस्त, डबक्याच्या जागी बादलीभर पाणी ओतून बघितलं, तोंडाकडे निघून गेलं.

१६ जानेवारी २०२६

संक्रांतीची फेरी. मांजा तोंडांमध्ये गुंतलेला, त्यात पिसं आणि कागद अडकून गोळा झालेला, हाताने ओढू नये, कापतो, कात्री आणि ग्लोव्हज. क्लासच्या पोरांनी पतंगासाठी चावी मागितली होती, दिली नाही, शेजारच्या बिल्डिंगवर गेली.

एप्रिलमधला अंदाज तपासला. शेड सोडून वर्षभरात सापडलेल्या गळतीच्या जागा वहीतून काढल्या: होर्डिंगचे खुंट, एसीचे बोल्ट, केबलच्या क्लिपा, मेंब्रेनचा आखूड जोड, गोलाई. यातली ऊन-पावसाची एकटी गोलाई. बाकी सगळं माणसाच्या हातचं.

लॅबचा अर्ज आलाय, त्यांना मागच्या गच्चीवर सोलर बसवायचंय. मेंब्रेनवर. उत्तर लिहून ठेवलंय: ड्रिल नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, पण ठोकळ्यांचं आणि वाऱ्याचं वजन धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आधी, पॅनेलच्या खालून हात घालून जाळीपर्यंत पोचता आलं पाहिजे एवढी उंची आणि कडेने चालायला वाट, केबली पॅरापेटच्या आतून ट्रेमध्ये, बसवायच्या आधी त्या गच्चीची पाण्याची टेस्ट आणि बसवल्यावर पुन्हा, दोन्हींचा खर्च लॅबकडे. सोलरवाल्याचा सेल्समन म्हणाला बाकी कुठल्याच बिल्डिंगला एवढ्या अटी नसतात. त्याला या उत्तराची झेरॉक्स दिली. सोमवारी साइट बघायला येणार आहे, चावीची एंट्री करून.